ऐकणारे दोन

दिवस मावळेपर्यंत तोंडातून खोटं काढायचं नाही, असा माझा बऱ्याच वर्षांचा नेम आहे. म्हणून हे मुद्दाम दुपारीच लिहायला बसले आहे. उन्हं अजून खिडकीत आहेत.

हे घडलेलं आहे. अगदी जसंच्या तसं.

माझ्या नणंदेच्या घरी घडलं. रात्री नाही, वादळात नाही, लाईट गेलेले असताना नाही... भर दुपारी. जेवणं उरकून माणसं आडवी होतात त्या वेळी.

वन्सं माझ्या मिस्टरांची थोरली बहीण. त्यांनी लग्न केलं नाही. उभा जन्म दुकानादुकानांतले वजनकाटे तपासण्याच्या सरकारी नोकरीत गेला. बाजारात त्या शिरल्या की "काटाबाई आल्या रे!" अशी कुजबूज पुढच्या गल्लीपर्यंत धावायची. कुणाचा काटा एवढासा जरी खोटा निघाला तरी त्या गय करत नसत. पण घरी आल्या की आईच्या पायाशी बसून भाजी निवडायच्या. मायलेकी दोघीच राहायच्या, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. मागच्या बाजूला बाटल्या भरायचा कारखाना. दिवसभर काचांची किणकिण चालायची आणि जेवणाचा भोंगा झाला की एकदम थांबायची.

मग इतकं शांत व्हायचं, की स्वतःचा श्वाससुद्धा परक्याचा वाटावा.

सासूबाई त्याच शांततेत गेल्या. खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसल्या बसल्या. वन्सं तेव्हा नोकरीच्या कामानं बाहेरगावी होत्या. शेजाऱ्यांना वाटलं, म्हातारीचा डोळा लागलाय. वन्सं परत आल्या, कुलूप काढलं, "आई, आले गं" म्हणाल्या...

उत्तर आलं नाही.

कधी गेल्या, कुणाला हाक मारली का, पाणी मागितलं का, काही म्हणजे काही कळलं नाही. हे न कळणं वन्संच्या जिवाला लागलं ते कायमचं.

पुढे त्या निवृत्त झाल्या आणि मग अगदीच एकट्या उरल्या. आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतो. हे दर खेपेला म्हणायचे, "ताई, आता तू आमच्याकडेच ये बाई."

"येईन की," वन्सं म्हणायच्या, "चौघांच्या खांद्यावर बसून."

"बघ, हे असं बोलतेस!"

"मग काय करू, धाकट्या? या घरात आईचा आवाज आहे. तुझ्याकडे नुसता टीव्हीचा आहे."

घर सोडायची तयारी नव्हती. पण एक भीती मात्र त्यांनी मला स्वयंपाकघरात हळूच बोलून दाखवली. "अगं, मरणाचं काही नाही. पण आईसारखं व्हायला नको. पडून राहिले आणि कुणाला पत्ताच नाही... तेवढं नको."

मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. दुसरं काय करणार?

त्यांनी मात्र केलं.

घरातल्या वस्तू इंटरनेटवरून एकमेकींना निरोप कशा पाठवतात, हे शिकवणारे धडे त्यांना कुठेतरी सापडले. वयाच्या त्या टप्प्यावर नाकावर चष्मा चढवून बाई शिकायला बसल्या. काड्यापेटीएवढं एक यंत्र मागवलं. खुर्चीच्या पायांखाली वजन मोजणारी पट्टी बसवली. वजनाचं काम काय, त्यांच्या हातचा मळ! निरोपांचं तेवढं नवीन होतं.

मला समजावून सांगताना त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा फुलला होता.

"हे बघ. मध्ये एक मध्यस्थ असतो. पोस्टमास्तर समज. त्याच्याकडे नावं घातलेल्या पेट्या असतात. यंत्रानं पेटीत निरोप टाकायचा आणि ती पेटी ज्यानं ज्यानं मागून ठेवलीय, त्याला मध्यस्थानं तो पोचवायचा. कोण टाकतंय, कोण ऐकतंय, एकमेकांना ठाऊक असायची गरजच नाही."

"आणि यंत्र बंद पडलं तर?"

"तीच तर गंमत! आत शिरतानाच यंत्रानं एक शेवटचा निरोप लिहून ठेवायचा. मग दर थोड्या वेळानं 'आहे... आहे...' म्हणत राहायचं. 'आहे' यायचं थांबलं, की मध्यस्थ तो शेवटचा निरोप सगळ्यांना वाटून टाकतो." आणि हसून म्हणाल्या, "घरात पाऊल ठेवायच्या आधी मृत्युपत्र लिहून घेतात मेले!"

त्यांनी लिहिलेला शेवटचा निरोप असा होता.

"आवाज बंद झाला आहे. किल्ली कुंडीखाली आहे."

यंत्राला नाव द्यावं लागतं. त्यांनी 'आईची खुर्ची' असं दिलं. आणि पेटीचं नाव 'दुपार'. कारण जेवण झालं की त्या त्याच खुर्चीत बसून वाचायच्या. बसल्या की पेटीत "बसले" आणि वजन, उठल्या की "उठले". माझ्या फोनवर ती पेटी जोडून द्यायची, म्हणजे रोज दुपारी मला कळावं, की बाई ठीक आहे.

"माझं वजन बघून हसायचं नाही हं," त्या म्हणाल्या. "मी बसले की यंत्रच काय, खालच्या मजल्यालाही कळतं."

पण माझा फोन जोडायच्या आधीचीच गोष्ट सांगते. पहिल्या दिवसाची.

धड्यात सांगितल्याप्रमाणे वन्संनी स्वतःच्याच पेटीत "नमस्कार" टाकला. तो स्वतःच्याच फोनवर आला. स्वतः बोलायचं आणि स्वतःच ऐकायचं. त्यांना हसू आलं.

मग त्यांचं लक्ष पडद्याच्या कोपऱ्याकडे गेलं. पेटी किती जण ऐकताहेत, तो आकडा तिथे दिसतो.

ऐकणारे: दोन.

एक त्यांचा फोन.

दुसरा...? यंत्र तर पेटीत नुसतं टाकतं, ऐकत नाही.

वन्संनी आपल्या फोनचं पेटी ऐकणं बंद करून पाहिलं. आकडा एकावर आला.

म्हणजे त्या स्वतः नसतानाही कुणीतरी ऐकत होतं.

नवशिक्याची चूक, म्हणून त्यांनी सोडून दिलं. पासवर्ड बदलला, सगळं पुसून पहिल्यापासून मांडलं. परत "नमस्कार" टाकला.

ऐकणारे: दोन.

मागच्या कारखान्यात भोंगा झाला. बाटल्यांची किणकिण थांबली. वन्सं खुर्चीकडे पाठ करून टेबलाशी बसल्या होत्या. का कोण जाणे, मागे वळून बघायचा त्यांना धीर झाला नाही.

पुढे माझा फोन जोडला आणि आकडा तीनवर गेला. रोज दुपारी माझ्या फोनवर "बसले" यायचं. भांडी घासून हात पुसत मी बघायचे. जरा बरं वाटायचं. माझ्याही रोजच्या नेमांत तो एक नेम झाला म्हणा ना.

आणि मग एका दुपारी...

"आवाज बंद झाला आहे. किल्ली कुंडीखाली आहे."

माझ्या हातातलं फडकं गळून पडलं. फोन लावला.

"अगं, धडधाकट आहे मी!" वन्संचा आवाज. "बसलेय इथेच. काय झालं?"

त्यांनी शोधून काढलं. मध्यस्थाचा एक नियम असतो. एका नावाचे दोघं एकाच वेळी आत राहू शकत नाहीत. त्याच नावानं दुसरं कुणी आलं, की आधीच्याला बाहेर काढतात. आणि बाहेर काढलं, की त्याचा शेवटचा निरोप वाटला जातो.

"म्हणजे?" मी विचारलं.



"म्हणजे 'आईची खुर्ची' म्हणून आणखी कुणीतरी आत आलं होतं."

असं होऊ लागलं. कधी दोन दिवसांनी, कधी लागोपाठ. नेहमी दुपारीच, आणि नेहमी वन्सं खुर्चीत बसलेल्या असतानाच. जणू कुणी म्हणतंय, ऊठ, ही जागा माझी आहे. मी दर वेळी फोन करायचे, दर वेळी त्या ठीक असायच्या.

हे वैतागले. "तुमचं लांडगा आला रे आला चाललंय दोघींचं! ताई, नाव बदलून टाक की त्या डब्याचं. भांडणच मिटेल."

"खुर्ची आईची आहे," वन्सं म्हणाल्या. "नाव तिचंच राहणार."

"मग येऊ दे तिला भांडायला!"

हे हसत हसत बोलले. फोनवर पलीकडून हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून वन्संनी एक केलं. वाचायला त्या पलंगावर बसू लागल्या. जेवण झालं की खुर्चीत फक्त घटकाभर टेकायच्या, मला "बसले" पोचावं म्हणून, आणि मग उठून ती रिकामी सोडायच्या. त्या दिवसापासून भांडण थांबलं. शेवटचा निरोप एकदाही आला नाही.

फक्त पलंगावर वाचताना कधीमधी खुर्चीचा वेत वाजायचा. कुर्रर्र... असा लांब. सासूबाई बसायच्या तेव्हा वाजायचा तसा.

हवेनं होतं, असं त्या स्वतःला सांगायच्या. खिडकी बंद असली तरी.

आता त्या दिवसाचं सांगते.

वन्सं जेवायच्या आधी न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. कमरेत कडकन काहीतरी झालं. उठता येईना. फोन बाहेर टेबलावर. हाका मारल्या, पण कारखान्याच्या किणकिणीत कोण ऐकणार?

ओल्या फरशीवर पडल्या पडल्या त्यांना आधी हायसं वाटलं. यंत्र आहे की! धाकट्याच्या घरी कळेल.

आणि मग अंगावर काटा आला.

कळणार नव्हतं.

कारण शेवटचा निरोप यंत्र बंद पडल्यावर जाणार होता. त्या पडल्यावर नाही. यंत्र तर बाहेर ठणठणीत होतं. "आहे... आहे... आहे..." म्हणत होतं. जन्मभर लोकांच्या काट्यातली खोट काढणाऱ्या बाईंनी स्वतःच्या मांडणीतली खोट पाहिली नव्हती. आज "बसले" आलं नाही, तर मला वाटलं असतं, गेल्या असतील बाजारात. खोटं कशाला सांगू, तसंच वाटलं असतं.

भोंगा झाला. बाटल्या थांबल्या.

त्या शांततेत वन्संना पहिल्यांदा कळलं, की आईला शेवटी कसं वाटलं असेल. मदत नाही, म्हणून नाही. आपण इथे आहोत हेच कुणाला ठाऊक नाही, म्हणून.

त्या हळूच म्हणाल्या, "आई गं..."

हाक नव्हती ती. कण्हताना तोंडातून निघतं, तसं निघालं.

बाहेरच्या खोलीत...

कुर्रर्र.

खुर्चीत कुणीतरी बसलं.

इकडे माझ्या फोनवर निरोप आला. "बसले." मी मान डोलावली आणि ताट वाढायला घेतलं.

"उठले."

"बसले."

"उठले."

"बसले."

मी थांबले. हा काय पोरखेळ? वन्सं अशी गंमत करणाऱ्या नव्हेत. फोन उचलून नीट बघितलं. "बसले"च्या पुढे वजन असतं. वन्संच्या भरदार आकड्याची मला सवय.

तिथे अडतीस होते.

परत "बसले". परत अडतीस.

सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात वन्सं दर आठवड्याला त्यांना काट्यावर उभं करायच्या आणि मला फोनवर सांगायच्या. बेचाळीस झाली गं. चाळीस झाली. आणि अगदी शेवटी, रडत रडत... "आई अडतीसवर आली."

मी वन्संना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. यांना कळवलं, अंगावरच्या साडीनिशी टॅक्सी केली. रस्ताभर देवाचं नाव घेत होते आणि हातातला फोन थरथरत होता. बसले... उठले... बसले... उठले... कुणी दारापर्यंत जाऊन वाट बघून परत येऊन टेकावं, तसं.

जिने चढले. कुंडीखालून किल्ली काढली. दार उघडलं.

खोलीत कुणी नव्हतं.

खिडकीतून ऊन आलेलं. खुर्ची किंचित हलत होती. खुर्चीवरची गादी मध्ये खोल दबलेली होती... आणि माझ्या डोळ्यांदेखत ती हळूहळू वर येत होती. नुकतंच कुणी उठल्यावर येते, तशी.

हातातला फोन एकदा थरथरला.

"उठले."

मग न्हाणीघरातून क्षीण आवाज आला.

"अगं, आलीस?... बाहेर कोण आलंय ते बघ आधी. केव्हापासून उठबस चाललीय बिचारीची. पाणी तरी विचार."

वन्सं वाचल्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत.

इथे गोष्ट संपली असती तर मी लिहिलीच नसती. देवाचे आभार मानून गप्प बसले असते.

दवाखान्यातून वन्संना आम्ही आमच्याकडे आणलं. या खेपेला त्यांनी नाही म्हटलं नाही. यांनी त्या घराला कुलूप लावलं. खुर्चीखालची पट्टी आणि यंत्र काढून आणलं, फडक्यात गुंडाळून आमच्या कपाटात ठेवलं. वायर नाही, वीज नाही. मी स्वतः पाहिलंय.

पहिल्याच दुपारी माझा फोन थरथरला.

"बसले." अडतीस.

यांना दाखवलं. हे बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "मशीन बिघडलंय." आणि आत जाऊन दार लावून घेतलं. आईच्या माघारी यांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

वन्संना मात्र भीती वाटली नाही. पलंगावर पडल्या पडल्या त्यांनी फोन मागून घेतला. त्या पेटीत निरोप टाकायला लागल्या. रोज, दुपारी.

"जेवले. भाजी खारट होती."

"आज चार पावलं चालले."

"धाकटा घोरतो गं अजून, लहानपणासारखा."

मी म्हटलं, "वन्सं, कुणाला पाठवता?"

त्यांनी पडद्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. आमचे दोघींचे फोन धरून आकडा तीन होता.

"आपल्या दोघींना सोडून जो कुणी उरतो, त्याला." मग खिडकीकडे बघत म्हणाल्या, "मला वाटायचं, माझं ऐकणारं कुणी नाही. आता ती तिथे बसलीय, कुलपाच्या आत. तिला तरी कोण आहे? पाय बरा झाला की मी परत जाणार हं. धाकट्याला सांगून ठेव."

पाय बरा व्हायला वेळ लागतोय. गेल्या आठवड्यात वन्संना ताप भरला. दिवसभर ग्लानीत होत्या. त्या दुपारी त्यांच्याकडून निरोप गेला नाही. दुसऱ्या दुपारीही नाही.

तिसऱ्या दुपारी मी त्यांच्या कपाळावर ओली पट्टी ठेवत होते. माझा फोन थरथरला. "बसले" असणार, म्हणून मी सवयीनं बघितलं.

"आवाज बंद झाला आहे. किल्ली कुंडीखाली आहे."

मी कपाट उघडलं. यंत्र फडक्यात गुंडाळलेलं, तसंच्या तसं. गार.

मग पडद्याचा कोपरा पाहिला.

ऐकणारे: दोन.

एक वन्संचा फोन. एक माझा.

दुसरं कुणी नाही.

त्यानंतर "बसले" आलेलं नाही. आम्ही अजून त्या घरी गेलेलो नाही. हे तो विषय काढू देत नाहीत. मला रोज वाटतं, जावं. कुणीतरी बोलावलंय आणि आपण जात नाही, हे बरं नव्हे. पण दार उघडून आत काय दिसेल, किंवा काहीच दिसणार नाही... यातलं जास्त भीतीचं कोणतं, हे मला ठरवता येत नाही.

वन्संचा ताप उतरलाय. काल त्यांनी परत फोन हातात घेतला. "चार दिवस आजारी होते. काळजी करू नकोस," असं लिहून पेटीत टाकलं. चष्मा हाताशी नव्हता, म्हणून कोपऱ्यातला आकडा त्यांना वाचता आला नाही.

चष्मा माझ्या पदराआड होता.

त्यांना मी काही सांगितलेलं नाही. न सांगणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असं मी मनाला समजावते आहे.

पण त्यांना जाग आलीय. आतून हाक आली.

"अगं... आज तिचं 'बसले' आलं का गं?"

उन्हं अजून खिडकीत आहेत.